श्वास मोजायला शिकवताना : रुग्णालयातील एका प्रशिक्षण कार्यक्रमाची हकीकत

रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन रुग्णसेवेचा दर्जा सुधारावा, असा आदेश ज्यांच्या हाती पहिल्यांदाच पडतो, त्यांना सुरुवात कुठून करायची हे सांगणारे कोणी सहसा भेटत नाही. मार्गदर्शक पुस्तिका पुष्कळ आहेत. पण अर्ज आधी कोणाकडे करायचा, परवानगीला किती काळ लागतो, आणि वर्ग उत्तम होऊनही वॉर्डमध्ये काहीच बदलले नाही तर काय करायचे, याची उत्तरे त्यांत सापडत नाहीत. मी बरीच वर्षे वॉर्डमध्ये परिचारिका म्हणून काम केले आणि गेल्या वर्षी ही जबाबदारी माझ्याकडे आली. प्रकृती खालावत चाललेला रुग्ण वेळेवर ओळखणे आणि योग्य माणसाला वेळेवर बोलावणे, एवढाच आमचा विषय होता, आणि तो वर्षभर पुरला.

पत्र जानेवारीत मिळाले. अतिदक्षता विभागात तातडीने हलवाव्या लागलेल्या काही रुग्णांच्या केसपेपरांचा आढावा घेतला गेला होता. बिघाडाच्या खुणा कित्येक तास आधीपासून तक्त्यावर उमटलेल्या होत्या, पण त्यांची दखल घेतली गेली नव्हती, असे त्यात आढळले. ही स्थिती आमच्यापुरतीच नाही. रुग्णालयात असताना हृदयक्रिया बंद पडलेल्या ६४ रुग्णांचा एक अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला होता. त्यांतील ८४ टक्के रुग्णांमध्ये आधीच्या आठ तासांत प्रकृती बिघडल्याची किंवा नवीन तक्रार सुरू झाल्याची नोंद होती. हा आकडा वाचला तेव्हा मनावर दडपण आले, पण कामाचा रोखही तिथेच ठरला. माहिती कागदावर येत होती आणि कागदावरच थांबत होती.

पहिले काही आठवडे मी एकही वर्ग घेतला नाही, आणि हे काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाला मी तसेच करायला सांगेन. सुधारणेच्या कामात तीन प्रश्न आधी विचारायचे असतात: आपल्याला काय साधायचे आहे, सुधारणा झाली हे कळणार कसे, आणि कोणता बदल केला तर सुधारणा होईल. प्रश्न सोपे वाटतात, पण आमची समिती पहिल्याच प्रश्नावर दीर्घकाळ अडकली, कारण प्रत्येक विभागाला आपापला विषय त्यात हवा होता. कोणाला हातांची स्वच्छता, कोणाला औषधांतील चुका, कोणाला रुग्णाशी संवाद. सगळे विषय महत्त्वाचेच होते. तरीही एका वर्षात एकच गोष्ट धरावी, या मतावर मी ठाम राहिले आणि वैद्यकीय अधीक्षकांनी ते मान्य केले. उद्दिष्ट एका वाक्यात, मोजता येईल असे आणि मुदतीसह लिहून त्यावर त्यांची सही घेऊन ठेवली. पुढे नवनवे विषय घुसवण्याचा आग्रह झाला, तेव्हा तो सही केलेला कागद फार उपयोगी पडला.

दुसऱ्या प्रश्नासाठी जुने तक्ते पाहणे भाग होते आणि इथे कागदपत्रांचा पहिला मोठा टप्पा आला. अभिलेख विभाग म्हणाला, नीतिमत्ता समितीचे पत्र आणा. समिती म्हणाली, हे संशोधन आहे की गुणवत्ता सुधारणा ते आधी लेखी सांगा. दोहोंत खरोखर फरक आहे. स्वतःच्या रुग्णालयातील सेवा सुधारण्यासाठी नोंदी तपासणे ही बहुतेक ठिकाणी गुणवत्ता सुधारणा मानली जाते आणि तिला पूर्ण छाननीतून सूट मिळू शकते. मात्र निष्कर्ष पुढे प्रसिद्ध करायचे असतील, तर नोंदी गोळा करण्याआधीच समितीचा निर्णय हातात असावा लागतो. आम्ही दोन पानी अर्ज केला. कोणत्या नोंदी पाहणार, रुग्णांची नावे कशी वगळणार, यादी कोणाच्या ताब्यात राहणार आणि ती कधी नष्ट करणार, हे त्यात लिहिले. सूट दिल्याचे पत्र यायला महिन्याहून अधिक काळ लागला. समितीची बैठक ठरावीक दिवशीच होते, म्हणून अर्ज त्या तारखेच्या बराच आधी पोहोचवावा. एक दिवस उशीर झाला की पुढच्या बैठकीपर्यंत थांबावे लागते.

तक्ते हाती आले आणि विषयाचे मर्म समोर आले. नाडी, रक्तदाब, तापमान यांचे आकडे रुग्णागणिक वेगळे होते, पण श्वासाच्या रकान्यात एकाखाली एक १८, २०, १८, २० असेच आकडे होते. तापाने फणफणलेला रुग्ण असो किंवा घरी जायला निघालेला, श्वास मिनिटाला वीसच. हे जगभरच्या रुग्णालयांत दिसते आणि त्यामागे आळसापेक्षा वेगळी कारणे आहेत. नाडी, ऑक्सिजन आणि रक्तदाब यंत्र दाखवते. श्वास मात्र माणसाने रुग्णाजवळ उभे राहून, छातीकडे पाहत, पूर्ण मिनिटभर मोजावा लागतो, आणि ज्या परिचारिकेकडे मोठा वॉर्ड सोपवलेला असतो तिच्याकडे नेमके तेच मिनिट नसते. मग अंदाजाने १८ किंवा २० लिहिले जाते, नाहीतर पंधरा सेकंद मोजून चारने गुणले जाते. अशा मोजणीत १६, २०, २४ असे चारच्या पटीतलेच आकडे निघू शकतात, आणि मोजताना एक श्वास चुकला तर नोंदीत चारचा फरक पडतो.

हाच आकडा हरवणे सगळ्यांत महागात पडते. जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला किंवा ऊतींना रक्तपुरवठा कमी पडू लागला की शरीरात आम्ल साचते आणि ते बाहेर टाकण्यासाठी श्वास जलद होतो. रक्तदाब उतरण्याच्या कितीतरी आधी ही खूण दिसू शकते. त्या काळात बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर ९६ किंवा ९७ दाखवत असतो आणि सगळे ठीक आहे असे वाटते. म्हणून पहिल्या सहा महिन्यांचे प्रशिक्षण श्वास मोजणे, गुणांक (नाडी, श्वास अशा मापांना दिलेल्या गुणांची बेरीज) काढणे आणि डॉक्टरांना फोन करणे या तीन कृतींभोवतीच बांधायचे ठरवले.

मार्चमध्ये मला प्रशिक्षकांसाठीच्या अभ्यासक्रमाला पाठवले गेले. वॉर्डमध्ये नवीन मुलींना शिकवण्याचा अनुभव पाठीशी असूनही तिथे पुष्कळ नवे शिकता आले. प्रात्यक्षिकाआधी सहभागींना सुरक्षित वाटेल अशी स्पष्ट सूचना द्यायची, प्रसंग छोटा ठेवायचा आणि नंतरच्या चर्चेला त्याहून अधिक वेळ द्यायचा, हे तिथे मनावर बिंबवले गेले. चर्चेत ‘तुम्ही हे का केले नाही’ असे विचारले की समोरचा माणूस मिटतो. ‘त्या क्षणी तुमच्या मनात काय चालले होते’ असे विचारले की तो बोलता होतो. प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार पायऱ्यांवर करावे, ही १९५९ सालापासूनची डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांची मांडणीही तिथे अभ्यासली: वर्ग आवडला का, शिकलेले समजले का, कामात वागणे बदलले का, आणि त्याचा परिणाम झाला का. बहुतेक कार्यक्रम दुसऱ्या पायरीवर थांबतात, कारण पुढच्या दोन पायऱ्यांसाठी वर्गाबाहेर पडावे लागते.

खर्चाबद्दल स्पष्ट लिहायला हवे. कागद, तक्ते, सेकंदकाट्याची घड्याळे यांवर अगदी थोडा पैसा लागला आणि कुठलेही महागडे यंत्र घेतले नाही. खरा खर्च कर्मचाऱ्यांच्या वेळेचा होता. एका वर्गाला आठ परिचारिका आल्या, तर तेवढे तास आठ जागा वॉर्डमध्ये रिकाम्या राहतात, आणि ते तास मागण्यासाठी मला नर्सिंग अधीक्षकांकडे पुनःपुन्हा जावे लागले. त्यांचा आक्षेप योग्यच होता. प्रशिक्षणासाठी वॉर्ड उघडा पडला तर त्याच दिवशी रुग्णाची हेळसांड व्हायची. शेवटी ड्युटीचे वेळापत्रक लागण्याआधीच प्रशिक्षणाचे तास त्यात धरायचे, रात्रपाळी संपवून आलेल्या कोणालाही वर्गात बसवायचे नाही आणि सुट्टीच्या दिवशी बोलावले तर बदली सुट्टी द्यायची, या तीन अटींवर एकमत झाले. अटी लेखी करून घेतल्या. व्यावसायिक नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लागणारे गुण या वर्गांना मिळावेत म्हणून नियामक परिषदेकडेही अर्ज केला. त्यासोबत दिवसाचे वेळापत्रक, प्रशिक्षकांची पात्रता आणि उद्दिष्टे जोडावी लागतात. उद्दिष्टात ‘महत्त्व समजेल’ असे लिहिले तर अर्ज परत येतो, ‘एक मिनिट श्वास मोजून नोंद करू शकेल’ असे लिहावे लागते. अर्ज वर्गाच्या किमान दोन महिने आधी करावा.

वर्ग मे महिन्यात सुरू झाले. परिचारिका आणि निवासी डॉक्टर यांना एकत्र बसवायचे, हा निर्णय मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो. जे दोघे रात्री दोन वाजता फोनच्या दोन टोकांना असणार आहेत, त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत शिकवून काय साधणार? व्याख्यान अगदी थोडक्यात आटोपून जोड्या केल्या आणि एकमेकांचा श्वास मोजायला सांगितला: आधी पंधरा सेकंद, मग पूर्ण मिनिट. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्यावर फरक सगळ्यांना दिसला आणि मला वेगळे समजावून सांगावे लागले नाही. मोजले जात आहे हे कळले की माणसाचा श्वास बदलतो. त्यामुळे नाडी पाहून झाल्यावरही बोटे मनगटावरच ठेवायची आणि नजर छातीकडे वळवायची, ही जुन्या परिचारिकांची पद्धत एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी करून दाखवली. तरुण डॉक्टर ती लक्षपूर्वक पाहत होते.

गुणांकासाठी आम्ही ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारून दिलेला न्यूज-२ हा तक्ता घेतला. श्वास, ऑक्सिजनची पातळी, बाहेरून ऑक्सिजन सुरू आहे का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि तापमान यांना गुण द्यायचे. एकूण ५ किंवा ६ झाले तर तातडीने डॉक्टरांनी पाहायचे, ७ किंवा अधिक झाले तर आपत्कालीन पथक बोलवायचे, आणि एकाच मापाला ३ गुण मिळाले तरीही डॉक्टरांना कळवायचे. १६ वर्षांखालील मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी हा तक्ता नाही, ही सूचना आम्ही प्रत्येक प्रतीवर ठळक छापली.

सगळ्यांत जास्त वेळ फोनवर काय बोलायचे याच्या सरावाला दिला. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमध्ये रुळलेली आणि पुढे रुग्णालयांनी उचललेली एसबार ही पद्धत आहे: आत्ता काय झाले आहे, पार्श्वभूमी काय, माझे मत काय आणि मला काय हवे आहे. पहिले दोन भाग परिचारिका सहज सांगत. तिसऱ्या भागाला आवाज खाली जाई. ‘माझे मत’ सांगायची सवयच अनेकींना नव्हती, कारण ते विचारलेच गेले नव्हते. पुष्कळ सरावानंतर एका तरुण परिचारिकेने केलेला फोन मी तेव्हाच लिहून घेतला: “डॉक्टर, मी चौथ्या वॉर्डमधून बोलते आहे. बारा नंबरच्या रुग्णाचा श्वास २६ झाला आहे, नाडी ११४, रक्तदाब १०४, ताप ३८.४, ऑक्सिजन ९६. गुणांक ७ आहे. काल त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली आणि सकाळी श्वास १६ होता. मला जंतुसंसर्ग वाढत असल्याची शंका वाटते. मी आपत्कालीन पथकाला कळवले आहे, तुम्हीही लगेच यावे. तोवर मी काय सुरू करू?” पलीकडच्या डॉक्टरांनी सूचना दिल्या, तिने त्या शब्दशः परत म्हणून दाखवल्या आणि त्यांनी ‘बरोबर’ म्हटल्यावरच फोन ठेवला. प्रसंग सरावाचा होता, पण वर्गात सगळे स्तब्ध होऊन ऐकत होते.

जूनअखेर चाचण्यांचे गुण चांगले आले आणि व्यवस्थापनाने अभिनंदनाचे पत्र पाठवले. जुलैत वॉर्डचे तक्ते पुन्हा तपासले, तर श्वासाच्या रकान्यात १८ आणि २० तसेच ठाण मांडून होते. ते दिवस निराशेचे गेले. ज्यांनी वर्गात मनापासून सराव केला होता, त्याच जणी वॉर्डमध्ये जुन्या पद्धतीने नोंद करत होत्या, आणि त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नव्हते. त्या काळात मी दोन अभ्यास पुन्हा वाचले. शस्त्रक्रियेआधी, दरम्यान आणि नंतर पडताळायची जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षा सूची आठ शहरांतील आठ रुग्णालयांत वापरली गेली तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडातील ओंटारियो प्रांतात १०१ रुग्णालयांनी ती स्वीकारल्यानंतरच्या नोंदी तपासणाऱ्या २०१४ मधील अभ्यासात मात्र मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. या फरकाच्या कारणांवर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. माझे मत असे, की सूची असो वा प्रशिक्षण, ते ज्या कामात रुजायचे त्या कामाची मांडणी तशीच ठेवली तर ते वरवरचे राहते.

म्हणून ऑगस्टमध्ये वर्ग थांबवून मी वॉर्डमध्ये बसले, सगळ्या पाळ्यांत. कारणे दिसायला वेळ लागला नाही. भिंतीवरचे घड्याळ वॉर्डच्या एकाच टोकाला होते आणि अर्ध्या खाटांवरून ते दिसत नव्हते. निरीक्षणांची फेरी आणि औषधवाटप एकाच तासात होते. तक्त्यात श्वासाचा रकाना सगळ्यांत खाली होता, म्हणजे बाकी सारे भरून झाल्यावर घाईने भरायचा. यांतले काहीही शिकवून बदलणारे नव्हते. आम्ही एका वॉर्डमध्ये, एका पाळीत, एका परिचारिकेसोबत बदल करून पाहिला: सेकंदकाट्याचे घड्याळ गणवेशाला लावले, फेरी अर्धा तास आधी घेतली आणि श्वासाचा रकाना तक्त्यात सगळ्यांत वर आणला. योजना, कृती, पडताळणी आणि त्यानुसार दुरुस्ती असे हे छोटे चक्र असते. ते इतके लहान ठेवावे की फसले तरी कोणाचे नुकसान होऊ नये. घड्याळ आणि रकाना टिकले. फेरीची वेळ मात्र प्रयोगशाळेच्या नमुन्यांच्या वेळेशी भिडली आणि पुन्हा बदलावी लागली. नवीन छापील तक्त्याला अभिलेख समितीची मंजुरी आणि आवृत्ती क्रमांक लागतो. तो मिळेपर्यंत आम्ही ‘चाचणीसाठी’ असा शिक्का मारलेल्या प्रती वापरल्या. ही सोय आधी विचारून घ्यावी, नाहीतर तपासणीत जुना आणि नवा असे दोन तक्ते सापडले की अडचण होते.

शिकवण्याची रीतही बदलली. एकदा शिकलेले उजळणी केली नाही तर झपाट्याने विसरले जाते, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते. म्हणून दिवसभराच्या उजळणीवर्गाऐवजी पाळी बदलताना दहा मिनिटे, खाटेजवळ, खऱ्या रुग्णाची परवानगी घेऊन, एकच गोष्ट असा क्रम ठेवला. प्रत्येक वॉर्डातील दोघींना प्रशिक्षक म्हणून तयार केले, म्हणजे रात्रपाळीतही कोणीतरी असेल. डॉक्टरांच्या बाजूने एक गोष्ट निर्णायक ठरली: एका वरिष्ठ डॉक्टरांनी सर्व निवासी डॉक्टरांसमोर सांगितले, की फोन अनाठायी निघाला तरी करणाऱ्याला कोणी बोलणार नाही, उलट त्याचे आभार मानले जातील. तसे त्यांनी स्वतः वॉर्डमध्ये वागूनही दाखवले. वर्षभर शिकवून जे मला साधले नसते ते त्यामुळे साधले.

दर आठवड्याला काही तक्ते, वेळ न सांगता, चिठ्ठ्या टाकून निवडत असू. कोणी पाहत आहे हे कळले की काम सुधारते, हे हातांच्या स्वच्छतेची पाहणी करणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. म्हणून शेजारी उभे राहून मोजण्यापेक्षा नोंदी नंतर तपासणे आम्हाला योग्य वाटले. आकडे वॉर्डच्या भिंतीवरच्या आलेखावर मांडले, कोणाचेही नाव न लिहिता. एखादा आठवडा चांगला गेला म्हणून हुरळायचे नाही; मध्यकाच्या, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याच्या, एकाच बाजूला सलग सहा बिंदू आले तरच बदल मानायचा, हा नियम पाळला.

ऑक्टोबरच्या सुमारास पहिल्या वॉर्डमध्ये तसे सहा बिंदू आले. तक्त्यांत १७, २३, १४, २६ असे, खऱ्या माणसांच्या श्वासासारखे असमान आकडे दिसू लागले आणि मला अतिशय समाधान वाटले. त्याबरोबर फोन वाढले आणि निवासी डॉक्टरांवर ताण आला. तोही मोजायचे आम्ही सुरुवातीलाच ठरवले होते, त्यामुळे रात्रीसाठी आणखी एक डॉक्टर मागताना हाती नोंदी होत्या. ती मागणी अजून विचाराधीन आहे. रात्रपाळीच्या नोंदी दिवसाच्या तुलनेत अजूनही कच्च्या आहेत. रुग्णाच्या नातेवाइकाने ‘यांचे काहीतरी वेगळे वाटते आहे’ असे म्हटले तर गुणांक कमी असला तरी डॉक्टरांना कळवावे, असा नियम डिसेंबरमध्ये जोडला. त्याचे प्रशिक्षण आता सुरू होत आहे आणि त्यात पूर्वी उपचार घेऊन बरे झालेले दोन रुग्ण आमच्यासोबत शिकवायला येणार आहेत.

निवासी डॉक्टरांची तुकडी दर सहा महिन्यांनी बदलते, त्यामुळे श्वासाचा आणि फोनचा सराव त्यांच्या रुजू होण्याच्या पहिल्या आठवड्यातच घालण्याचा प्रस्ताव मंजूर करून घेतला आहे. असे काम सुरू करणाऱ्यांनी एक फाइल पहिल्या दिवसापासून ठेवावी: सही झालेले उद्दिष्ट, समितीचे पत्र, हजेरीपट, तक्त्याच्या सर्व आवृत्त्या आणि दर आठवड्याचा आलेख. परिषदेच्या गुणांचे नूतनीकरण, मानांकनाची तपासणी आणि पुढच्या वर्षीच्या तासांची मागणी, या तिन्हींसाठी हीच कागदपत्रे लागतात. पुढच्या तुकडीचा अर्ज मी याच आठवड्यात पाठवला आहे.